नव्या डिस्क, नवे पॅड, तरी ब्रेक दाबताच स्टिअरिंगची थरथर परत का येते?

ताशी शंभरच्या आसपास वेग असताना ब्रेकवर हलका पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते, पेडल तळपायाला ठोके देते, आणि वेग साठच्या खाली उतरला की सगळे शांत होते. गॅरेजमध्ये गाडी नेली की ‘डिस्क वाकली’ असे उत्तर मिळते. मग डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी आणि ब्रेक दाबल्यावर दोन पॅडमध्ये आवळली जाणारी तबकडी, लेथवर तासली जाते किंवा नवी बसते, त्यानंतर दोन-तीन हजार किलोमीटर गाडी व्यवस्थित थांबते, आणि एखाद्या सकाळी द्रुतगती मार्गावर पुढचा ट्रक लेन बदलतो, आपण ब्रेक दाबतो आणि तीच थरथर परत हातात येते. माझ्या २००८ च्या पोर्शे केमन एस गाडीवर हा फेरा तीन वेळा झाला. पहिल्यांदा डिस्क तासून घेतल्या, दुसऱ्यांदा डिस्क आणि पॅड दोन्ही नवे घेतले, तिसऱ्यांदा त्याहून महाग संच बसवला. तिन्ही वेळा पैसे गेले आणि दुखणे जागच्या जागी राहिले, कारण डिस्क ज्यावर बसते तो हब कोणी मोजलाच नाही, आणि हे पॅड माझ्या रस्त्यांसाठी योग्य आहेत का, हा प्रश्न मीही कोणाला विचारला नाही. ज्यांची गाडी याच फेऱ्यात अडकली आहे त्यांनी चौथा संच मागवण्याआधी पुढचे सगळे वाचावे, अशी मनापासून विनंती आहे.

सुरुवात ‘वाकली’ या शब्दापासूनच करावी लागेल, कारण चुकीचा खर्च याच शब्दामुळे होतो. बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची जाड डिस्क रस्त्यावरच्या वापरात ताटासारखी वाकून बसल्याचे क्वचितच आढळते. थरथर येते ती बहुतेक वेळा डिस्कची जाडी सर्वत्र सारखी न राहिल्यामुळे. फिरणाऱ्या डिस्कचा जाड भाग पॅडमधून जाताना पॅड दाबणारे पिस्टन मागे ढकलले जातात, पातळ भाग जाताना ते पुढे येतात, आणि हा दाबाचा चढउतार ब्रेकच्या द्रवामार्फत पेडलपर्यंत व टायरॉडमार्फत, म्हणजे चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांड्यामार्फत, स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. यासाठी लागणारा फरक फार थोडा असतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो. डिस्कच्या जाडीत त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका, म्हणजे ०.०१५ ते ०.०२ मिमीचा फरक पडला, तरी संवेदनशील गाडीत तो हाताला कळतो. डोळ्यांनी किंवा बोट फिरवून तो कधीच कळत नाही, त्यामुळे ‘डिस्क दिसायला चांगली आहे’ या वाक्याला निदानात काहीच किंमत नाही.

थरथर शंभरलाच का येते आणि साठला का नाही, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. माझ्या गाडीच्या पुढच्या टायरचा घेर सुमारे २.०३ मीटर आहे, म्हणजे ताशी १०० किमी वेगाला चाक सेकंदाला जवळपास चौदा फेरे घेते. डिस्कवर एकच जाड जागा असेल तर सेकंदाला चौदा धक्के बसतात. पुढच्या सस्पेन्शनची स्वतःची कंपने साधारण याच पट्ट्यात असल्यामुळे तिथे धक्का वाढून येतो आणि साठला, जेव्हा फेरे आठवर येतात, तेव्हा तो विरून जातो. ब्रेक न दाबताही थरथर असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवून आधी चाकांचे बॅलन्सिंग आणि टायर तपासावेत. थरथर स्टिअरिंगपेक्षा सीटखाली जास्त लागत असेल तर मागच्या डिस्ककडे पाहावे.

आता निदानातला सर्वांत उपयोगी प्रश्न: नवा संच बसवल्यानंतर थरथर किती दिवसांनी परत आली? ती दोन-चार हजार किलोमीटरनंतर, हळूहळू वाढत आली असेल तर संशय हबवर घ्यावा. डिस्क हबवर किंचित तिरकी बसली असेल तर ब्रेक न दाबताही तिचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासत राहतो, आणि तेवढाच भाग हजारो किलोमीटर झिजून पातळ होतो. बसवली त्या दिवशी डिस्कची जाडी सारखीच असते, म्हणून सुरुवातीला काही जाणवत नाही. तिरकेपणा आधीपासून असतो आणि जाडीतला फरक त्यातून नंतर तयार होतो. याउलट थरथर एखादा घाट जोरात उतरल्यानंतर त्याच दिवशी सुरू झाली असेल, तर पॅडचा पदार्थ डिस्कवर कुठे जास्त, कुठे कमी चिकटला असण्याची शक्यता मोठी असते. पहिल्या प्रकारात पॅड बदलून काही होत नाही आणि दुसऱ्या प्रकारात हब घासून काही होत नाही. माझ्या गाडीत दुर्दैवाने दोन्ही होते.

हब मोजण्यासाठी डायल गेज, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतची हालचाल काट्याने दाखवणारे उपकरण, लागतो. पुण्यासारख्या शहरात ही अडचण नसावी. भोसरी-चाकणच्या कोणत्याही टूलरूममध्ये तो असतो आणि मीही तो ओळखीतूनच एका रविवारपुरता आणला. गेज धरण्यासाठी मिळणारा चुंबकी स्टँड या गाडीत मात्र निरुपयोगी ठरतो, कारण चाक धरणारा भाग ॲल्युमिनियमचा आहे आणि त्याला चुंबक चिकटत नाही. त्यासाठी सी-क्लॅम्पवर बसणारा दांडा वापरावा लागला. डिस्क अडकवणारे दोन लहान स्क्रू तिला हबवर पुरेशी दाबून धरत नाहीत, म्हणून चाकाचेच बोल्ट जाड वॉशर घालून डिस्कवर आवळले, गेजचे टोक बाहेरच्या कडेपासून सुमारे १० मिमी आत टेकवले आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवली. डाव्या बाजूला काटा ०.११ मिमीच्या पल्ल्यात हलत होता. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत हा आकडा ०.०५ च्या आत असावा लागतो, आणि मला तो ०.०३ च्या जवळ आलेला आवडतो.

डिस्क उतरवल्यावर कारण समोरच दिसले. हबच्या सपाट चेहऱ्यावर, एका बोल्टच्या भोकाशेजारी, करंगळीच्या नखाएवढा गंजाचा पापुद्रा होता, गडद तपकिरी आणि इतका घट्ट, की नखाने उकरून निघेना. तिन्ही वेळा डिस्क त्याच पापुद्र्यावर आवळल्या गेल्या होत्या. हबच्या चेहऱ्याचा व्यास डिस्कच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे हबवरचा ०.०४ मिमीचा उंचवटा डिस्कच्या कडेला दुपटीहून जास्त होऊन दिसतो. बारीक तारेचा ब्रश, मग काचपेपर, मग मधल्या कॉलरभोवतीचा कोपरा आणि प्रत्येक भोकाची कड, असे अर्धा तास शांतपणे साफ केले, कापडाने पुसून तीच डिस्क परत आवळली, आणि काटा ०.०३ वर आला. एवढ्या साफसफाईनंतरही आकडा खाली येत नसेल तर गेज हबच्याच चेहऱ्यावर लावून पाहावा. तिथेच दोष दिसला तर हब किंवा बेअरिंग बदलण्याला पर्याय नाही. ज्या गाड्यांत डिस्कला जागेवर धरणारे स्क्रू नसतात, तिथे डिस्क एकेक बोल्टने पुढे फिरवून सर्वांत कमी आकड्याची जागा शोधता येते.

चाक परत बसवतानाची चूकही इथेच सांगतो, कारण साफ केलेला हब तिच्यामुळे वाया जातो. हवेच्या गनने बोल्ट एका दमात आणि एकापाठोपाठ एक ठोकले की प्रत्येकाचा ताण वेगळा होतो आणि डिस्क हबवर असमान दाबली जाते. बोल्ट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. या गाडीसाठी तो आकडा १३० न्यूटन-मीटर आहे. गाडी दुसऱ्याच्या हाती सोपवताना मी हे कागदावर लिहून देतो आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

कॅलिपरकडेही, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागाकडेही, एक नजर टाकावी. या गाडीचे चार पिस्टनचे कॅलिपर ॲल्युमिनियमचे आहेत आणि पॅड ज्या स्टीलच्या पातळ पट्ट्यांवर सरकतो, त्यांच्याखाली दमट हवेत पांढरी बुरशीसारखी भुकटी साठते. तिच्यामुळे पट्टी उचलली जाते, पॅड जागेवर आवळला जातो आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासत राहतो. जो माणूस दर महिन्याला कोकणात गाडी नेतो, त्याने हे नक्की पाहावे. नवा पॅड खाचेत हाताने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर पट्टी काढून खालचा भाग साफ करावा. अडकलेला पॅड शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून इन्फ्रारेड थर्मामीटरने डाव्या आणि उजव्या डिस्कची तुलना करणे. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर खरा आकडा दाखवत नाही, त्यामुळे आकड्यावर विसंबू नये, फक्त दोन बाजूंमधला फरक पाहावा.

हे सगळे झाल्यावरच डिस्क निवडण्याचा विषय काढावा. माझ्या गाडीची पुढची डिस्क ३१८ मिमी व्यासाची आणि २८ मिमी जाडीची आहे, आणि झिजून २६ मिमीवर आली की बाद होते. ही किमान जाडी डिस्कच्या टोपीवर, म्हणजे हबवर बसणाऱ्या मधल्या उंच भागावर, कोरलेली असते. म्हणजे हाताशी दोनच मिमी असतात, दोन्ही बाजू धरून, आणि लेथवर तासून घेताना त्यातलेच आयुष्य खर्च होते. शिवाय डिस्कचा काही भाग सुमारे ६५० अंशांवर तापला असेल तर तिथे सिमेंटाइट नावाचा कडक पदार्थ तयार होतो, जो वरवर तासून जात नाही. आजूबाजूचे मऊ बीड झिजते, तो ठिपका उंच राहतो आणि थरथर परत येते. म्हणून निळसर-काळे ठिपके दिसणारी डिस्क तासण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही.

भोकांची डिस्क, खाचांची डिस्क की साधी डिस्क, यावर लोक तासन्तास बोलतात. भोकांमुळे पावसात पाण्याचा थर लवकर निघून जातो आणि पहिली पकड चांगली येते, हे खरे आहे. ताम्हिणीच्या पावसात ते जाणवतेही. पण प्रत्येक भोक ही उष्णतेच्या ताणाने तडा सुरू होण्याची जागा असते, आणि स्वस्त डिस्कमध्ये साध्या डिस्कलाच नंतर ड्रिल मारलेले असते. भोकाभोवतीची केसासारखी रेघ नजरेखाली ठेवता येते, परंतु एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत किंवा बाहेरच्या कडेपर्यंत गेलेला तडा दिसला तर ती डिस्क त्याच दिवशी उतरवावी. खाचांची डिस्क पॅडचा चेहरा सतत खरवडून ताजा ठेवते, त्या बदल्यात पॅड लवकर झिजतो आणि बारीक गुणगुण ऐकू येते. माझे स्पष्ट मत असे आहे की घाट आणि शहर एवढाच वापर असेल तर नामांकित उत्पादकाची साधी, हवा खेळणारी आणि गंजरोधक लेप असलेली डिस्क सर्वांत शहाणपणाची आहे. लेप दिसण्यासाठी नसतो. टोपी, कडा आणि डिस्कच्या दोन थरांमधल्या पात्या न गंजल्या, तर हवेचे मार्ग मोकळे राहतात आणि पुढच्या वेळी डिस्क हबला चिकटून बसत नाही.

आतल्या पात्या वक्र असतील तर डावी आणि उजवी डिस्क वेगळी असते, आणि ही चूक मी प्रत्यक्ष पाहिली आहे. दिशा ठरवताना वरच्या खाचांकडे पाहू नये. डिस्कच्या कडेतून आत डोकावून पात्या पाहाव्यात: चाक पुढे फिरत असताना पातीचे आतले टोक पुढे आणि बाहेरचे टोक मागे रेललेले असले पाहिजे, म्हणजे पंख्याप्रमाणे हवा बाहेर फेकली जाते. उलटी बसवलेली डिस्क दिसायला तशीच दिसते, पण उष्णता नीट बाहेर टाकत नाही. मोठ्या व्यासाची डिस्क बसवण्याचा मोहही टाळावा. त्याने पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बदलतो आणि थरथरीचे मूळ कारण जसेच्या तसे राहते. मागच्या डिस्क बदलताना लक्षात ठेवावे की या गाडीत हँडब्रेकचा छोटा ड्रम मागच्या डिस्कच्या आत असतो, त्यामुळे त्याचे शू सैल करून नंतर पुन्हा जुळवावे लागतात.

पॅडची निवड मात्र डिस्कपेक्षाही जास्त विचार मागते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे बाराशे मीटर खाली येते. माणसांसह दीड टनाची गाडी धरली, तर ही उंची उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती ताशी १०० किमी वेगावरून गाडी सुमारे तीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी आहे. काही वाटा टायर, हवा आणि इंजिन उचलतात. गिअर वरचा ठेवला तर उरलेले सगळे ब्रेकवर येते. शंभरवरून एकदा पूर्ण थांबताना, दहा किलोच्या आसपासची एक पुढची डिस्क, थंड व्हायला वेळच न मिळाल्यास, सुमारे चाळीस अंशांनी तापते. वळणामागून वळण येत असताना हे आकडे एकावर एक चढत जातात. मूळ आरामदायी पॅड अशा उतारावर आपल्या मर्यादेच्या जवळ पोहोचतो आणि त्याचा पदार्थ डिस्कवर लिंपला जाऊ लागतो. मी पोलादपूरला उतरल्यावर चहासाठी थांबायचो तेव्हा ब्रेकवर पाय तसाच दाबून ठेवायचो. चाकाच्या आऱ्यांतून पाहिले तर डिस्कवर पॅडच्या आकाराचा करडा-निळसर ठसा स्पष्ट दिसायचा. तो ठसा म्हणजेच पुढच्या थरथरीचे बीज होते.

यावर उपाय म्हणून अनेक जण थेट रेसचे पॅड घेतात, आणि माझा तिसरा संच तसाच होता. रेसचा पॅड तापल्यावर उत्तम पकडतो, पण सकाळी घरातून निघून पहिल्या सिग्नलवर, थंड असताना, तो कमी पकडतो, किंचाळतो आणि डिस्क वाळूच्या कागदासारखी खातो. रस्त्यावर पहिला ब्रेक हाच सर्वांत महत्त्वाचा असतो, म्हणून असा पॅड रोजच्या गाडीत मी सुचवणार नाही. मला हवा होता तो वेगवान रस्त्यांसाठीचा मधला प्रकार, जो थंड असताना मूळ पॅडइतकाच पकडतो आणि मूळ पॅडपेक्षा जास्त ताप सोसतो. टेक्स्टार, पॅगिड, फेरोडो, ईबीसी अशा उत्पादकांच्या यादीत हे प्रकार वेगवेगळ्या नावांनी असतात. नावापेक्षा त्यांनी दिलेली तापमानाची मर्यादा आणि थंड असतानाची पकड वाचावी. ‘सिरॅमिक पॅड’ या शब्दाने फसू नये. तो बिडाच्या डिस्कवर चालणारा, कमी काळी धूळ करणारा शांत पॅड असतो, आणि पिवळ्या कॅलिपरसह येणाऱ्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्याचा काही संबंध नसतो. त्या डिस्कना त्यांचेच पॅड लागतात.

दुकानात पॅड हातात आला की पाठपट्टी (पॅडच्या मागची धातूची पट्टी) किंवा कड पाहावी. अमेरिकन पद्धतीच्या संकेतात शेवटची दोन अक्षरे घर्षण सांगतात: पहिले साधारण तापमानाचे, दुसरे तापल्यावरचे. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, आणि घाट उतरणाऱ्याने तो घेऊ नये. ही चाचणी पदार्थाच्या लहान तुकड्यावर होते, त्यामुळे या अक्षरांवरून पॅड नाकारता येतो, पण केवळ त्यांच्यावरून निवडता येत नाही. युरोपीय ‘आर ९०’ हा शिक्का असेल तर त्याची पकड मूळ पॅडच्या ठरावीक मर्यादेत आहे, एवढी खात्री मिळते. पुढे एक प्रकार आणि मागे भलताच प्रकार बसवू नये, आणि एका ॲक्सलवरचे, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीचे, दोन्ही बाजूंचे पॅड नेहमी एकत्रच बदलावेत.

घाटात ब्रेक कमी पडले तर दोष पॅडचा की द्रवाचा, हे पेडलच सांगते. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून हरला आहे. पेडल स्पंजासारखे खाली जाते, तेव्हा द्रव उकळला आहे. ताजा डॉट ४ दर्जाचा ब्रेकचा द्रव किमान २३० अंशांवर उकळतो, पण हवेतली ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. आपल्या पावसाळ्यात दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तो ठेवणे मला धोक्याचे वाटते.

नव्या संचाची सवय लावणे हा शेवटचा टप्पा, आणि तो गॅरेज करत नाही, आपल्यालाच करावा लागतो. पॅडच्या डब्यात उत्पादकाची पद्धत छापलेली असेल तर तीच पाळावी. नसेल तर पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खात्री करून, ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करावा, मधे गाडी पूर्ण थांबवू नये, आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे ब्रेकला शक्यतो हात न लावता चालवत डिस्क थंड होऊ द्यावी. यातून पॅडचा अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि पुढची सगळी पकड त्याच थरावर अवलंबून असते. डिस्क जुनीच ठेवून पॅडचा प्रकार बदलत असाल तर जुना थर आधी गार्नेट पेपरने घासून काढावा, कारण दोन वेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांवर नीट बसत नाहीत.

चौथा संच बसवून आता सहा हजार किलोमीटर झाले आहेत. साध्या, लेप असलेल्या डिस्क आहेत, मधल्या प्रकारचे पॅड आहेत, आणि आंबेनळी दोनदा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरून झाला आहे. पोलादपूरला पोहोचण्याआधीचे शेवटचे दोन किलोमीटर मी सावकाश काढतो आणि थांबल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय उचलतो. गेल्या आठवड्यात मायक्रोमीटरने डाव्या डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत ०.००५ मिमीचा फरक आहे. उजवीकडचा हब त्याच वेळी साफ करून घेतला होता, पण त्याचा गेजवरचा आकडा ०.०४ आहे, म्हणून तेवढी बाजू दहा हजारांवर पुन्हा मोजणार आहे.